एकतिसावं नाव

“ताई, परत पाचशे.”

हणमंत लोखंडे एरवी फोनवर तब्येतीपासून सुरुवात करायचे. त्या मंगळवारी ते एवढंच म्हणाले. ऑगस्ट संपायला चार दिवस होते.

“पडद्यावर काय दिसतंय ते जसंच्या तसं वाचा,” मी म्हटलं.

“‘अंतर्गत सर्व्हर त्रुटी. पाचशे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ मी केला, ताई. थोड्या वेळानं केला, जेवून केला, झोपून उठून केला. ह्याचा थोडा वेळ म्हणजे नक्की किती?”

“फॉन्ट कुठला वापरताय?”

“तुम्ही सांगितलेलाच.”

“नेट?”

“नेटवर क्रिकेट दिसतंय. बातमी तेवढी जात नाही.”

मी तेव्हा आमच्या दैनिकाच्या सांगली आवृत्तीत तालुका पानांची मुख्य उपसंपादक होते आणि लोखंडे मांडव्याचे वार्ताहर. सव्वीस वर्षं. आता या गोष्टीला बारा वर्षं झाली.

पुण्याच्या मुख्य कार्यालयानं त्या महिन्यात वार्ताहरांसाठी एक पोर्टल सुरू केलं होतं. इमेल बंद. बातमी पोर्टलवरच्या चौकटींत भरायची. मथळा एका चौकटीत, गाव दुसरीत, मजकूर तिसरीत, आणि शेवटची चौकट ‘उपस्थितांची नावे’. एक सप्टेंबरपासून दुसऱ्या कुठल्याही मार्गानं आलेली बातमी घ्यायची नाही, आणि ज्यांना पोर्टल जमणार नाही त्यांची नेमणूक एकतीस ऑगस्टला संपली असं समजायचं, असं परिपत्रक होतं. माझ्या जिल्ह्यात बेचाळीस वार्ताहर होते. चारही चौकटी भरलेली एक तरी बातमी गेली की वार्ताहर पार. एक्केचाळीस पार झाले होते.

नेमणूक म्हणजे काही मोठी नोकरी नव्हे. मानधनात लोखंड्यांच्या गाडीचं पेट्रोल जेमतेम निघायचं. पण मांडव्यात त्यांना लोखंडे कुणी म्हणत नसे. त्यांना ‘पेपर’ म्हणत. कार्यक्रम कसलाही असो, “पेपर आले, पेपरना खुर्ची द्या,” असं कुणीतरी ओरडायचं आणि पहिल्या रांगेतला एक माणूस उठायचा. ती खुर्ची शनिवारी जाणार होती.

पुण्यात निनाद परचुरे नावाचा पंचविशीतला मुलगा हे पोर्टल सांभाळायचा. त्याला मी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा तो म्हणाला, “माझ्याकडे चालतंय, मॅडम.” माझ्याकडेही चालत होतं. ‘चाचणी. यावेळी अ, ब, क उपस्थित होते’ अशी बातमी मी सांगलीहून पाठवली होती आणि पोर्टलनं मला धन्यवाद दिले होते.

ज्या घटनेच्या ठिकाणी आपण गेलो नाही तिच्याबद्दल ठामपणे लिहू नये, हे मी नव्या मुलांना शिकवायचे. म्हणून गुरुवारी सकाळची एसटी पकडून मी मांडव्याला गेले.

‘लोखंडे झेरॉक्स व स्टेशनरी’ हे दुकान स्टँडसमोरच होतं. लोखंड्यांनी स्टुलावरचं धूळ खात पडलेलं वह्यांचं बंडल उचललं, स्टूल पुसलं, मला बसवलं आणि संगणक माझ्याकडे वळवला.

“आधी फॉन्ट बघू,” मी म्हटलं.

“बघा. फॉन्ट बरा आहे. घरचेही सगळे बरे आहेत.”

फॉन्ट खरंच बरा होता. मी विचारलं, “महिनाभरात एकही बातमी गेली नाही?”

“गेल्या की. पाण्याच्या टाकीची गेली. एसटी ओढ्यात घसरली, ती गेली.”

“मग अडतंय कुठं?”

“सत्कार, उद्घाटन, वर्धापनदिन. तिथं आपलं पाचशे. तुमच्या यंत्राचा सत्काराला विरोध दिसतोय.”

“हे मला फोनवर का नाही सांगितलंत?”

“तुम्ही फॉन्ट विचारत होता.”

अडलेली बातमी त्यांनी उघडली. सार्वजनिक वाचनालयात दहावीच्या गुणवंतांचा सत्कार. मजकूर तीन वाक्यांचा. खाली ‘उपस्थितांची नावे’ या चौकटीत एकतीस नावं, प्रत्येकाच्या हुद्द्यासकट. तालुक्याच्या बातमीदारीची ही जुनी रीत. ‘यावेळी अमुक, तमुक आदी उपस्थित होते’ हे वाक्य नसेल तर कार्यक्रम झाला असं कुणी मानत नाही. लोखंड्यांच्या हातात तर बातमी म्हणजे यादीच्या दाराला लावलेलं तोरण असायचं. मी दररोज ते तोरण तपासायचे, शुद्धलेखन सुधारायचे आणि यादीवरून नजर फिरवून पान सोडायचे.

मी निनादला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि सत्कार जात नाहीत, अपघात जातात, एवढं सांगितलं.

“म्हणजे शेवटची चौकट,” तो लगेच म्हणाला. “थांबा... हो. प्रत्येक वेळी नावं जोडण्याच्या पायरीवर कोसळतंय. पण कुठल्या नावावर ते इथं उमटत नाही. किती नावं आहेत?”

“एकतीस.”

“एकतीस? लग्न होतं का, मॅडम?”

“सत्कार होता,” लोखंडे म्हणाले. “लग्न असतं तर पुरवणी काढावी लागली असती.”

निनादनं पोर्टलच्या चाचणी प्रतीचा पत्ता दिला आणि उपाय सांगितला. यादी अर्धी करायची. जो अर्धा भाग अडेल तो पुन्हा अर्धा करायचा. दोष सापडेपर्यंत.

लोखंड्यांनी कीबोर्डवर हात ठेवला. “अर्धी म्हणजे कुणाला काढू? सभापतींकडची माणसं ठेवली तर चेअरमन बोलणार. चेअरमनची ठेवली तर मला उद्या चहा मिळणार नाही.”

“ही चाचणी आहे. छापून येणार नाही.”

“असं कोण म्हणतंय?”

“निनाद.”

“ज्यांनी हे बनवलंय ते?”

“हो.”

“मग त्यांच्या शब्दावर कसं जायचं, ताई?”

“मी ऐकतोय हं, काका,” फोनमधून आवाज आला.

शेवटी अनुक्रमानं जायचं ठरलं. पहिली सोळा नावं ठेवून बातमी पाठवली. ‘बातमी स्वीकारली. धन्यवाद.’

लोखंड्यांचा जीव भांड्यात पडला. “सभापती, चेअरमन, सरपंच, मुख्याध्यापक. सगळे निर्दोष.”

उरलेली पंधरा पाठवली. पाचशे.

त्या पंधरांतली पहिली आठ पाठवली. धन्यवाद. “ग्रामसेवक सुटले. दोन्ही माजी उपसरपंच सुटले,” मी म्हटलं. मला आता गंमत वाटायला लागली होती. उरली सात.

 सात नावांनी पुन्हा पाचशे दाखवल्यावर लोखंडे उठले. “चहा सांगतो.”

“चहा नंतर.”

“ताई, सापडलं म्हणा की. नावं जास्त होतात, झालं. मी कमी घालत जाईन.”

“सोळा नावं जातात आणि सात अडतात. मग जास्त कशी?”

“लांबून आलायत. जेवून जावा आधी.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला माहिती द्यायची टाळली असेल असं मला वाटत नव्हतं. आता मात्र ते समोरच्या स्टँडवर लागलेल्या गाडीची पाटी वाचत होते, आणि ती पाटी त्यांना पाठ असणार.

सातातली पहिली चार गेली. उरलेल्या तिघांतले पहिले दोघे गेले. मग मी चौकट रिकामी केली आणि एकच नाव टाइप केलं. वसंत कुंभोजकर, सेवानिवृत्त कलाशिक्षक.

पाचशे.

“सापडलं,” मी फोनमध्ये म्हटलं आणि नाव सांगितलं.

पलीकडे बटणांचा आवाज आला. “मॅडम, आपल्या जुन्या अंकांवरून आम्ही प्रत्येक तालुक्याची एक व्यक्तिसूची बनवलीय. माणसाचं नाव कार्यक्रमात आलं की त्याच्या खात्याला ती बातमी जोडली जाते. सभापतींच्या खात्यावर चारशे कार्यक्रम आहेत. या सरांचं खातं...” पुन्हा बटणं वाजली. “हे बंद आहे.”

“बंद म्हणजे?”

“‘निधन’ सदरात नाव आलं की खातं बंद होतं. नऊ मार्चची तारीख आहे. बातमी मांडव्याचीच, लोखंडे काकांनी दिलेली. बंद खात्याला नवा कार्यक्रम जोडायची वेळ येईल हे मी धरलंच नव्हतं.” मग तो स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे, असं कोण धरेल?”

दुकानात एक बाई आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आली. लोखंड्यांनी ती काढून दिली, सुटे परत केले आणि ती बाई रस्ता ओलांडून जाईपर्यंत पाहत राहिले.

“लोखंडे, नऊ मार्चला वारलेला माणूस परवाच्या सत्काराला कसा काय हजर होता?”

त्यांनी ड्रॉवरमधून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पानावर एका संस्थेचं नाव आणि खाली अनुक्रमानं माणसं. वाचनालय, पतसंस्था, दूध संघ, हायस्कूल. अक्षर असं की छापलेलं वाटावं. प्रत्येक यादीच्या तळाशी एकच नाव होतं.

“सर लिहायचे,” लोखंडे म्हणाले. “मी फोटो काढायचो, ते मागच्या खुर्चीवर बसून नावं टिपायचे. रिटायर झाल्यापासून एक कार्यक्रम चुकवला नाही. आपलं नाव कायम शेवटी. ‘पेपरचा कारकून शेवटीच बसतो’ म्हणायचे. ते गेल्यावर मी ह्याच वहीवरनं उतरवतो.”

“मग बाकीचे तीस तरी आले होते का?”

ते पहिल्यांदा रागावले. “खुणा बघा की, ताई.”

मी पाहिल्या. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, तारखेनुसार. जो आला नाही त्याच्यापुढे खूण नव्हती. वाचनालयाच्या पानावर त्या दिवशीच्या तीस खुणा होत्या. शेवटच्या नावापुढे मार्चपासून एकही नाही.

“म्हणजे माहीत असून घातलंत.”

“पहिल्यांदा चुकून गेलं. एप्रिलात, पतसंस्थेच्या कार्यक्रमाला. सकाळी अंक बघितला आणि घाम फुटला. म्हटलं, आता फोन येणार, गाव दारात येणार. दिवसभर दुकान उघडं ठेवून बसलो. कुणी आलं नाही. एकाचा फोन नाही.” त्यांनी वही आपल्याकडे ओढली. “गावातल्या निम्म्या पाट्या त्यांनी रंगवल्यात. शाळेचा फळा, गणपतीचा पडदा, सरपंचाच्या दारावरचं नाव. मग दुसऱ्यांदा मुद्दाम घातलं. कुणीतरी ओरडावं म्हणून. ‘पेपर, डोकं फिरलं का, मेलेल्या माणसाला खुर्चीवर बसवतोस’ असं एकानं तरी म्हणावं. की थांबलोच असतो.”

“कितीदा घातलंत?”

“छापून आलं ते अकरा वेळा.”

अकराही बातम्या माझ्या हातून गेल्या होत्या. त्यातल्या एकीत माजी उपसरपंचांच्या वडिलांचं आद्याक्षर चुकलं होतं, ते मी दुरुस्त केल्याचं मला नीट आठवत होतं. सरांच्या निधनाची बातमीही मीच घेतली होती. लोखंड्यांनी दीड पान लिहून पाठवलं होतं. मी त्याच्या चार ओळी केल्या होत्या. त्या दिवशी पानावर जाहिरात जास्त होती.

“ओरडायला मी पण होते,” मी म्हटलं.

“तुमचीही वाट बघितली,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू?”

फोनमध्ये कुणीतरी खाकरलं. “मॅडम, मी अजून लाइनवर आहे.”

आमच्या दैनिकात गैरहजर माणसाला हजर दाखवणं हा नेमणूक काढण्याचा गुन्हा होता. तो नियम मी दोन वेळा लावला होता. एका वार्ताहरानं दिल्लीत असलेल्या मंत्र्याला आपल्या गावच्या बंधाऱ्यावर उभं केलं होतं, आणि दुसऱ्यानं न झालेली कुस्ती निकालासकट पाठवली होती. दोघांनीही कारणं सांगितली होती. मी ती ऐकून घेतली नव्हती.

“दुरुस्ती दहा मिनिटांची आहे,” निनाद म्हणाला. “पण कारण लिहावं लागतं. मला माझ्या नोंदीत आणि तुम्हाला अहवालात.”

“तू काय लिहिणार?”

“‘बंद खातं आल्यास सर्व्हर कोसळत होता, आता इशारा देतो.’ खरं आहे, आणि आमच्या नोंदी कुणी वाचत नाही.”

“आणि माझा अहवाल?”

“तुमचा वाचतात, मॅडम. तुम्ही नेमकं लिहिता म्हणून वाचतात.”

लोखंडे माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी दुकानाच्या दर्शनी भागात लावलेलं वार्ताहराचं ओळखपत्र काढून, पुसून, पुन्हा लावलं.

मी संगणकावर यादी पुन्हा पूर्ण केली. शेवटच्या नावाशी कर्सर नेला आणि म्हटलं, “काढा.”

“तुम्हीच काढा.”

मी काढलं आणि चाचणीला पाठवलं. धन्यवाद आले. वहीला हात लावला नाही.

अहवाल तिथंच, त्या स्टुलावर बसून लिहिला. ‘मांडवे येथील बातमीत एकतीस नावे होती व ती स्वीकारली जात नव्हती. नावे कमी केल्यावर बातमी स्वीकारली गेली.’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. आजही मी त्यांतल्या एकेकाची जबाबदारी घेईन. दोन्ही मिळून जे सांगतात ते खोटं आहे, आणि ते मी विचार करून लिहिलं होतं. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तेवढं एकच.

“जेवायला चला,” लोखंडे म्हणाले.

“चार वाजता पान सोडायचंय,” मी म्हटलं आणि एसटी पकडली.

निनाद म्हणाला ते खरं ठरलं. माझा अहवाल वाचला गेला. इतका लक्षपूर्वक की दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी साडेदहालाच पुण्याहून सर्व आवृत्त्यांना परिपत्रक आलं. ‘तांत्रिक कारणास्तव यापुढे कोणत्याही बातमीत पंधरापेक्षा अधिक उपस्थितांची नावे देऊ नयेत.’ दुपारपर्यंत माझ्या बेचाळीसपैकी तीसेक वार्ताहरांचे फोन झाले. जतच्या बाजूचा एक जण म्हणाला, त्यापेक्षा नेमणूकच काढून घ्या, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नगरपासून नांदेडपर्यंत लोक मला न ओळखता शिव्या देत होते. निनादनं फक्त एक ओळ पाठवली, ‘माझ्याकडे पन्नास नावंसुद्धा चालतायत, मॅडम.’

तो नियम अजून आहे. गेल्या महिन्यात एका नव्या उपसंपादकानं मला विचारलं, पंधराच का? मी म्हटलं, तांत्रिक कारण.

लोखंड्यांनी वाचनालयाची बातमी शुक्रवारी दुपारी पोर्टलवरून पाठवली. पहिल्या फटक्यात गेली. तीस नावांतली पंधरा त्यांनी स्वतः कापली. ती यादी मी वरपासून खालपर्यंत, एकेक नाव वाचून सोडली. शनिवारी, एकतीस तारखेला, ती छापून आली आणि बेचाळिसावा वार्ताहर पार झाला.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. आवाज बसला होता.

“ताई, सकाळपासून सोळा फोन.”

“शिव्या?”

“कसल्या एकेक! ग्रामसेवक म्हणतो, मी काय मेलो होतो काय. माजी उपसरपंच दोघं मिळून दुकानात आले. जन्मात एकत्र आले नव्हते, आज आले. सभापतींच्या मेहुण्यानं चहा बंद केला.” ते खूश होते. “पण वाचतात हो, ताई! शेवटपर्यंत वाचतात!”

“आपापलं नाव वाचतात.”

“ते तर झालंच. वाचतात तरी.”

मी पान पुढं ओढलं होतं, पण आकड्यापाशी अडले. सवय.

“लोखंडे, नावं पंधराच कापलीत ना तुम्ही?”

“पंधराच.”

“मग फोन सोळा कसे?”

त्यांनी दुकानातल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं. मागं झेरॉक्स मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

“सोळावा काकूंचा. कुंभोजकर सरांच्या मिसेस. त्या रोज पेपर वाचतात, ताई. मार्चपासून सगळं वाचत होत्या आणि मला कळलंच नाही. आज विचारलं, ‘हणमंत, वाचनालयात ह्यांना नेलं नाहीस होय रे?’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार?  मग त्याच म्हणाल्या, ‘बरं केलंस बाबा. लई फिरवलंस त्यांना. आता जरा बसू दे घरी.’”